बिल मोजले, ऊर्जा मोजायची राहिली
सातारा-सांगलीच्या कारखानदारीतल्या ऊर्जा मोजणीचा आढावा

कुपवाडच्या किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या कारखानदाराला ‘महिन्याला वीज किती लागते?’ असे विचारले, तर उत्तर बहुधा रुपयांत येते. युनिट किती, असे विचारले की बिलाची फाइल निघते. आणि ‘तयार मालाच्या एका टनामागे किती युनिट?’ असे विचारले की अंदाज सुरू होतो. कच्चा माल किलोवर, मजुरी तासावर आणि सुटे भाग नगावर मोजणारा हा माणूस हिशोबाला ढिला नाही. पण खर्चाच्या यादीत वरच्या क्रमांकावर असलेली ऊर्जा तेवढी महिन्यातून एकदा, बाहेरच्या माणसाने लावलेल्या मीटरवर आणि बाहेरच्या माणसाने पाठवलेल्या कागदावर मोजली जाते. या लेखाचा मुद्दा एवढाच आहे, की बिल मोजणे म्हणजे ऊर्जा मोजणे नव्हे, आणि हा फरक न कळल्यामुळे इथल्या उद्योगाचे नुकसान होते.

दोन जिल्हे, अनेक भट्ट्या

१९४९ ते १९६० या काळात सांगली जिल्ह्याचे नाव ‘दक्षिण सातारा’ होते. उद्योगांच्या दृष्टीने हा पट्टा आजही सलगच आहे. १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळरानावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडी वसवली. साताऱ्यात कूपर, कराडजवळ प्रभाकर कंदिलाची ओगलेवाडी, आणि मग कृष्णा-वारणेच्या काठाने सहकारी साखर कारखाने उभे राहिले. आज मिरज-कुपवाडच्या फाउंड्र्या आणि मशीन शॉप, पलूस, इस्लामपूर, कराडजवळचे तासवडे, शिरवळ-खंडाळा, लोणंद, फलटण, विट्याचे यंत्रमाग, भिलवडीचा दूधधंदा, तासगाव-सांगलीची बेदाण्याची आणि हळदीची शीतगृहे असा सारा पसारा आहे.

वीजनिर्मितीतही हा भाग मागे नाही. १,९६० मेगावॅटच्या कोयना प्रकल्पाचे धरण सातारा जिल्ह्यात आहे. वनकुसवडे-चाळकेवाडीच्या पठारावर आणि सांगलीत ढालगावच्या बाजूला पवनचक्क्या फिरतात. साखर कारखान्यांची सहवीज ग्रीडमध्ये जाते. ही तयार होणारी वीज युनिटच्या हिशोबाने मोजली जाते, कारण तिचे पैसे येतात. वापरली जाणारी ऊर्जा मात्र तेवढ्या काटेकोरपणे मोजलेली दिसत नाही.

मोजतात कोण, आणि काय?

पहिला मोजणारा महावितरण. उच्चदाब ग्राहकाच्या मीटरमध्ये दर काही मिनिटांची नोंद साठते, पण बहुतेक कारखानदार बिलाची शेवटची ओळ पाहतात. शिवाय एप्रिल २०२० पासून राज्यात उच्चदाब ग्राहकांची आकारणी केव्हीएएचवर होते, म्हणजे पॉवर फॅक्टरचा परिणाम बिलातल्या युनिटमध्येच मिसळलेला असतो. पॉवर फॅक्टर ०.९५ असेल तर प्रत्यक्ष वापरलेले एक लाख युनिट बिलावर सुमारे १ लाख ५ हजार होतात. २०१९ चे बिल आणि आजचे बिल शेजारी ठेवून ‘वापर वाढला’ म्हणणारा माणूस दोन वेगळ्या मापांची तुलना करत असतो.

वेळेनुसार दराचेही असेच आहे. सवलतीच्या तासांत भट्टी लावली की बिल उतरते, पण लोखंड वितळवायला लागणारी ऊर्जा तेवढीच राहते. छतावर सोलर बसवले की महावितरणचे युनिट घटतात, पण त्या पॅनेलची वीज कारखान्यानेच वापरलेली असते. बिलात ती दिसत नाही आणि वापर कमी झाल्याचा भास होतो. सोलर बसवून ‘आम्ही ३० टक्के ऊर्जा वाचवली’ असे सांगणाऱ्या कंपनीने प्रत्यक्षात ऊर्जा वाचवलेली नसते, तिचा पुरवठादार बदललेला असतो. दोन्ही गोष्टी चांगल्या आहेत, पण एक नव्हेत.

जिल्ह्याचे चित्र पाहू म्हटले तर आणखी एक अडचण येते. महावितरणच्या रचनेत सांगली कोल्हापूर परिमंडळात आणि सातारा बारामती परिमंडळात येतो. शेजारशेजारच्या, एकाच प्रकारच्या उद्योगांची आकडेवारी त्यामुळे दोन वेगळ्या ढिगांत पडते.

दुसरा मोजणारा केंद्र सरकारची वार्षिक उद्योग पाहणी. वीज वापरणारे आणि दहा किंवा अधिक कामगार असलेले, अथवा वीज न वापरणारे आणि वीस किंवा अधिक कामगार असलेले कारखाने तिच्या कक्षेत येतात. तिच्या प्रपत्रात वीज युनिटमध्ये आणि कोळसा टनांत विचारतात. पेट्रोल, डिझेल, वंगण मात्र एकत्र आणि रुपयांत. डिझेलचा भाव चढला की कागदावरचा ‘वापर’ चढतो. त्या उंबरठ्याखालची दुनिया तर पूर्ण बाहेरच राहते: चार कामगारांचे मशीन शॉप, घराला लागून असलेले यंत्रमाग, आणि कराड-शिराळ्याकडची गुऱ्हाळे. गुऱ्हाळात चिपाड वाळवून ते चुलवाणात जाळतात आणि काहिलीतला रस आटवतात. हाही ऊर्जा खाणारा उत्पादन उद्योगच आहे, पण त्याचे इंधन कुणी तोलत नाही. विकत घ्यावे लागत नाही, म्हणून ते फुकट धरले जाते.

तिसरा मोजणारा कायदा. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा. त्यानुसार २००२ मध्ये ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो स्थापन झाला आणि राज्यात महाऊर्जा ही त्याची नियुक्त संस्था आहे. २०१२ मध्ये ‘पॅट’ योजना सुरू झाली. मोठ्या उद्योगांना उत्पादनाच्या एका टनामागे ऊर्जेचे लक्ष्य द्यायचे, तीन वर्षांनी मोजायचे, जास्त वाचवणाऱ्याला प्रमाणपत्रे आणि कमी पडणाऱ्याने ती विकत घ्यायची. पहिल्या फेरीत आठ क्षेत्रांतले ४७८ उद्योग होते. लक्ष्य सुमारे ६७ लाख टन तेलतुल्य बचतीचे होते आणि बचत झाली सुमारे ८७ लाख टनांची. नीट मोजले की बचत होते, याचा देशातला हा सर्वांत मोठा पुरावा.

पण या पुराव्यात आपला पट्टा फारसा नाही. पहिल्या आठ क्षेत्रांत साखर नव्हती. लोखंड-पोलादासाठी उंबरठा वर्षाला ३०,००० टन तेलतुल्य होता. महिन्याला १० लाख युनिट वापरणारी फाउंड्री घ्या. आपल्याकडे ती चांगलीच मोठी समजली जाईल. वर्षाचे १ कोटी २० लाख युनिट, एका युनिटचे ८६० किलोकॅलरी, आणि एक टन तेलतुल्य म्हणजे १ कोटी किलोकॅलरी. हिशोब होतो सुमारे १,०३० टन, म्हणजे उंबरठ्याच्या तिसाव्या भागाइतका. या पट्ट्यातले दोन मुख्य धंदे, साखर आणि ओतकाम, त्यामुळे सक्तीच्या मोजणीबाहेर राहिले.

बॉयलरची तपासणी होते, पण ती स्फोट होऊ नये म्हणून. एक टन वाफेसाठी किती इंधन जळले, हा त्या तपासणीचा विषय नाही.

फाउंड्री: कशाने भागायचे?

इंडक्शन भट्टीवर एक टन लोखंड वितळवायला किती युनिट लागतात, हा फाउंड्रीतला नेहमीचा प्रश्न. लोखंडाला १,५०० अंशांपर्यंत नेण्यासाठी शास्त्रानुसार ४०० च्या आसपास युनिट पुरावेत. प्रत्यक्षात ५५० ते ६५० लागतात. मधला फरक कॉइल थंड ठेवणाऱ्या पाण्यात, अस्तरातून, उघड्या तोंडातून आणि वाट पाहण्यात जातो. साचे तयार नाहीत, क्रेन अडकली आहे, लॅडल तापलेले नाही, म्हणून रस भट्टीत धरून ठेवला जातो. ती दहा-पंधरा मिनिटे बिलावर दिसत नाहीत. हीटच्या, म्हणजे वितळणीच्या प्रत्येक फेरीच्या, वहीत दिसतात, पण त्यासाठी वहीत चार गोष्टी लिहिलेल्या हव्यात: चार्जचे वजन, मीटरचे सुरुवातीचे आणि शेवटचे वाचन, टॅपिंगची वेळ आणि तापमान. १,४८० अंशांवर चालणारे काम १,५५० वर नेले जाते का, हेही त्याच वहीतून कळते.

याहून महत्त्वाचा प्रश्न म्हणजे भाग कशाने द्यायचा. वितळलेल्या धातूच्या टनाने, की गिऱ्हाइकाने स्वीकारलेल्या कास्टिंगच्या टनाने? एक हिशोब मांडून पाहू. भट्टी ६०० युनिटांवर चांगली चालली आहे. ओतलेल्या धातूपैकी ६० टक्के कास्टिंग होते आणि ४० टक्के रनर-रायझरमध्ये अडकून पुन्हा भट्टीत जाते. मग कास्टिंगच्या एका टनामागे १,००० युनिट झाले. त्यातले ८ टक्के रिजेक्ट झाले, तर चांगल्या मालाच्या टनामागे १,०८७. आता भट्टीला हातही न लावता यील्ड, म्हणजे ओतलेल्या धातूतला कास्टिंगचा वाटा, ६५ टक्के आणि रिजेक्शन ५ टक्के केले, तर आकडा ९७२ वर येतो. टनामागे ११५ युनिट वाचले. महिन्याला ५०० टन माल असेल तर ५७,५०० युनिट. ही बचत पॅटर्न शॉपमध्ये आणि वाळूच्या प्रयोगशाळेत झाली, भट्टीवर नव्हे. वितळलेल्या टनाने भाग देणाऱ्याला ती कधीच दिसणार नाही.

कोकवर चालणारा कुपोला आणि इंडक्शन यांच्या तुलनेतही अशीच गफलत होते. कुपोलात टनाला १२० किलो कोक लागला आणि त्याची उष्णता किलोला ६,५०० किलोकॅलरी धरली, तर ७ लाख ८० हजार किलोकॅलरी. इंडक्शनचे ६०० युनिट ८६० ने गुणले तर ५ लाख १६ हजार. इंडक्शन सरळ जिंकते. पण ती वीज औष्णिक केंद्रातून येत असेल, तर तिथे एका युनिटसाठी सुमारे अडीच हजार किलोकॅलरी जळतात, आणि मग इंडक्शनचा आकडा १५ लाखांवर जातो. कारखान्याच्या फाटकाशी मोजायचे की वीजकेंद्राच्या चिमणीशी, हे आधी ठरवल्याशिवाय केलेली तुलना फक्त भांडणाला उपयोगी पडते. कार्बनच्या हिशोबात देशाच्या ग्रीडची वीज युनिटला सुमारे ०.७ किलो धरली, तर हे दोन्ही मार्ग एकमेकांच्या बरेच जवळ येतात.

साखर: न तोललेले इंधन

साखर कारखान्यात ऊस वजनकाट्यावर तोलला जातो, कारण शेतकऱ्याला पैसे द्यायचे असतात. साखरेचे पोते तोलले जाते, कारण ते विकायचे असते. बाहेर जाणारी वीज मीटरवर मोजली जाते, कारण तिचे बिल निघते. पण कारखान्याचे मुख्य इंधन म्हणजे बगॅस बहुतेक ठिकाणी तोलत नाहीत. ऊस अधिक गिरणीत घातलेले पाणी, वजा मिश्र रस, उरला तो बगॅस, असा तो वजाबाकीने काढला जातो. उसाच्या वजनातली, पाण्याच्या मीटरमधली आणि रसाच्या काट्यातली प्रत्येक चूक त्या एका आकड्यात येऊन बसते. त्यात ओलावा ५० टक्क्यांच्या आसपास, आणि तो दोन-तीन टक्क्यांनी हलला की उष्णता बदलते.

इथे मोजणीचा फायदा प्रचंड आहे. जुन्या रचनेच्या कारखान्यात उसाच्या वजनाच्या ५० टक्के वाफ लागते, सुधारलेल्या ठिकाणी ४० टक्के किंवा त्याहून कमी. दिवसाला ५,००० टन गाळप करणाऱ्या कारखान्यात हा दहा टक्क्यांचा फरक म्हणजे रोज ५०० टन वाफ. एका किलो बगॅसपासून सव्वादोन किलोच्या आसपास वाफ धरली, तर रोजचा सव्वादोनशे टन बगॅस वाचला. तो विकता येतो, किंवा हंगामानंतर जाळून त्याची वीज विकता येते. दक्षिण महाराष्ट्रातले अनेक कारखाने सहवीज आणि आसवनीसाठी ओळखले जातात ते याच हिशोबामुळे. 

पण आता एक नवा पेच आहे. एकाच बॉयलरची वाफ साखरेला, इथेनॉलला आणि विजेला जाते. साखरेच्या वाट्याला किती ऊर्जा लिहायची? पूर्वी साखरेच्या टनाने भागले की चालत असे. आता बी-हेवी मळी किंवा सिरप इथेनॉलकडे वळवले की साखर कमी निघते आणि टनामागचा आकडा फुगतो. कामगारांनी, इंजिनिअरांनी काहीही बिघडवलेले नसताना कारखाना ‘खर्चिक’ दिसू लागतो. म्हणून निदान प्रत्येक विभागाच्या वाफेच्या नळीवर स्वतंत्र फ्लो मीटर हवा आणि तुलना गाळलेल्या उसाच्या टनावर हवी.

सुट्टीच्या दिवशीचा कॉम्प्रेसर

मोठ्या यंत्रांइतकीच गळती छोट्या जागी होते. कॉम्प्रेस्ड हवा हे मशीन शॉपमधले ऊर्जेचे सगळ्यात महाग रूप आहे. सात बारच्या लाइनला तीन मिलिमीटरचे भोक पडले तर सुमारे तीन किलोवॅट सतत वाया जातात. चोवीस तास आणि ३०० दिवस धरले तर वर्षाला २१ हजारांहून जास्त युनिट, एका भोकातून.

हे मोजायला ऑडिटर लागत नाही. सुट्टीच्या दिवशी सगळी यंत्रे बंद ठेवून कॉम्प्रेसर चालू करायचा. हवा कुणीच वापरत नसताना तो किती मिनिटे लोडवर आणि किती मिनिटे अनलोडवर जातो, हे घड्याळावर पाहायचे. दीड मिनिट लोड आणि साडेदहा मिनिटे अनलोड असेल, तर कॉम्प्रेसरच्या क्षमतेच्या साडेबारा टक्के हवा गळते आहे. शांत शेडमध्ये फुस्स आवाज कुठून येतो हे कानालाही कळते. साबणाचे पाणी लावून जागेवर खूण करायची आणि सोमवारी फिटिंग बदलायचे.

टनामागचा आकडाही फसवतो

मोजणी सुरू केलेले कारखानेही एका ठिकाणी चुकतात. दर महिन्याचे युनिट भागिले टन एवढा एकच आकडा ते पाहतात. एका कारखान्यात दिवाळीच्या महिन्यात १०० टन माल निघाला आणि दीड लाख युनिट लागले, म्हणजे टनाला १,५००. मार्चमध्ये २०० टन आणि २ लाख ३० हजार युनिट, म्हणजे टनाला १,१५०. व्यवस्थापक खूश, मालक खूश. प्रत्यक्षात काहीच सुधारलेले नाही. माल निघो न निघो, ७० हजार युनिट दर महिन्याला जातातच: दिवे, पंखे, कूलिंग टॉवर, रिकामे फिरणारे कॉम्प्रेसर. वरचे ८०० युनिट खऱ्या अर्थाने टनाला लागतात. बारा महिन्यांचे बारा ठिपके आलेखाच्या कागदावर मांडून त्यांतून रेघ ओढली की हे दोन आकडे वेगळे होतात. ती स्थिर ७० हजारांची बाब कमी केली, तर मंदीच्या महिन्यातही बचत टिकते.

मागणी बाहेरून येते आहे

हा विषय आता फक्त काटकसरीचा उरलेला नाही. युरोपीय संघाने ऑक्टोबर २०२३ पासून लोखंड-पोलादाच्या ठरावीक वस्तूंसह काही आयात मालावर कार्बनची माहिती मागायला सुरुवात केली आणि १ जानेवारी २०२६ पासून त्याचा आर्थिक टप्पा सुरू झाला. सरळ यादीत नसलेल्या यंत्रभागांनाही मोठे खरेदीदार तोच प्रश्न विचारतात, कारण त्यांना स्वतःचा हिशोब द्यायचा असतो. ज्याच्याकडे मोजलेला आकडा नाही, त्याला दुसऱ्याने ठरवलेला आकडा स्वीकारावा लागतो, आणि तो बहुधा जास्त असतो. देशातही २०२२ च्या दुरुस्तीनंतर ऊर्जा संवर्धन कायद्यात कार्बन बाजाराची तरतूद आली आहे.

लहान उद्योगांसाठी जुलै २०२५ मध्ये ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची ‘अदिती’ योजना आली. एक हजार कोटींची तरतूद, सूक्ष्म आणि लघु उद्योगांना कर्जावर पाच टक्के आणि मध्यम उद्योगांना तीन टक्के व्याजसवलत. फाउंड्री, फोर्जिंग, वस्त्रोद्योग, अन्नप्रक्रिया ही आपल्याकडची क्षेत्रे तिच्यात आहेत. अट अशी, की किमान दहा टक्के ऊर्जाबचत दिसली पाहिजे.

कुठून सुरुवात करावी?

पहिली गोष्ट, मुख्य मीटरनंतर भट्टी, कॉम्प्रेसर, मशीन शॉप आणि इतर अशा निदान चार जागी सबमीटर. दुसरी, वाचन घेणारा माणूस नावानिशी ठरलेला. बऱ्याच ठिकाणी मीटर असतात आणि वाचन नसते, कारण ते काम वायरमनचे की सुपरवायझरचे, हे कुणी सांगितलेले नसते. तिसरी, डिझेल लिटरमध्ये, कोक आणि लाकूड किलोत, सोलर युनिटमध्ये, सगळे एकाच वहीत. चौथी, भागाकार चांगल्या मालाच्या टनाने.

उद्योजकांच्या संघटनांनी यात मध्ये पडायला हवे. आपल्या फाउंड्रीचा आकडा एकट्याचा असेल तर तो चांगला की वाईट हे कळत नाही. वीस फाउंड्र्यांचे आकडे नावे झाकून शेजारी मांडले, तर प्रत्येकाला आपली जागा कळेल. सांगलीचे वालचंद महाविद्यालय १९४७ चे, कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० चे. तिथली मुले शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी विषय शोधत असतात. हीटच्या वह्यांचे वर्षभराचे विश्लेषण यापेक्षा उपयोगी प्रकल्प या भागात दुसरा नसेल.

नवी भट्टी, नवा बॉयलर, नवे पॅनेल यांचे विक्रेते दारात येतच राहतील आणि प्रत्येकाच्या कागदावर बचतीची टक्केवारी छापलेली असेल. ती खरी की खोटी, हे ठरवायला आपला स्वतःचा आधीचा आकडा लागतो. सरकारी व्याजसवलतीला तोच लागतो, परदेशी गिऱ्हाइकाला तोच लागतो. आणि मागच्या वर्षाचा आकडा मागे जाऊन मोजता येत नाही. म्हणून ज्यांच्याकडे तो नाही त्यांनी यंत्र पुढच्या वर्षी घ्यावे, वही या महिन्यात सुरू करावी.